अक्काची उत्तरं

१

अक्का कुणाशी बोलत होती?

सिद्धूनं हे ज्याला त्याला विचारून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला की पेशंट बरळतो. त्याचे वडील आण्णा दहावा उरकला तसे मेंढरं घेऊन रानात निघून गेले. अव्वानं, म्हणजे आईनं, तोंडात पदर कोंबला आणि भिंतीकडं तोंड केलं. तापात माणूस बरळतं, हे सिद्धूलाही ठाऊक होतं. शेजारची म्हातारी चिमाबाई ताप चढला की खाटेवरून कोंबड्या हाकायची. पण बरळणारं माणूस समोरच्याला बोलू देत नाही. अक्का देत होती. एक वाक्य बोलायची, थांबायची, खाटेच्या पायथ्याकडं बघत नीट ऐकून घ्यायची आणि मग उत्तर द्यायची.

खाटेच्या पायथ्याशी कुणीच उभं नव्हतं.

अक्का, म्हणजे सुकन्या, त्याची थोरली बहीण. मैंदर्गीच्या धनगराच्या घरातनं निघून सोलापुरात नर्सिंग शिकणारी पहिली पोरगी. सिद्धूनं सातवीतच दप्तर टाकून काठी धरली होती. त्याला मोबाईलवर इंग्रजी अक्षरं जुळवून मेसेज टाकायला शिकवलं तेही तिनंच. "येड्या, ए बी सी डी म्हंजे काय वाघ न्हाय," असं म्हणायची. ती आठ दिवसांच्या तापात गेली.

तिचं ते बोलणं सिद्धूनं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. डॉक्टर राऊंडला आले की ऐकवू, त्यांना काही कळेल, या आशेनं. डॉक्टरांनी ऐकलं नाही. ऐकलं ते सलाईन बदलायला आलेल्या केरळच्या एका वयस्क सिस्टरनं. बाटली हातात तशीच धरून ती थबकली.

"ये लॅटिन है," ती म्हणाली. "बहुत पुराना भाषा. मेरा नाना चर्च में बोलता था. इसको किसने सिखाया?"

कुणीच शिकवलं नव्हतं. अक्काला शिकायची मात्र फार हौस होती. हाडांची, औषधांची निम्मी नावं लॅटिनमधली असतात, ती भाषा आली की पाठांतराची कटकट मिटली, असं ती म्हणायची. पण हौस म्हणजे भाषा नव्हे. तिच्या खोलीत तसलं एकही पुस्तक सापडलं नाही.

आता सिद्धू त्या खोलीतच होता. सामान बांधून गावी न्यायला आला होता. बादली, गादी, पांढरे बूट, सगळं तसंच पडलं होतं, आणि तो कॉटवर बसून पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग ऐकत होता. फोनमधल्या भाषांतरवाल्या अ‍ॅपलाही त्यानं ते ऐकवलं. अ‍ॅपनं दोनदा प्रयत्न केला आणि लिहून दाखवलं की आवाज ऐकू आला नाही, कृपया बोला.

भिंतीपलीकडं घरमालकिणीचे यंत्रमाग खडखडत होते. त्या गोंगाटात बिचाऱ्या फोनला काय ऐकू येणार, असं सिद्धूनं स्वतःला सांगितलं. आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात वीज चमकली. भाषा आहे म्हटल्यावर ती शिकता येते. अक्का शेवटी काय बोलली, ते जगात कुणी सांगत नसेल तर आपणच शिकून घ्यायचं.

पायात चप्पल कशीबशी अडकवून तो सात रस्ता चौकाच्या दिशेनं पळत सुटला.

२

सात रस्त्याच्या एका बोळात वीरभद्रप्पाचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुस्तकांच्या थप्प्या आणि मधे एक स्टूल. स्टुलावर वीरभद्रप्पा, कपाळावर विभूती, हातात चहाचा कप.

"काय पाहिजे?"

"लॅटिनचं पुस्तक. पयलीचं."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "पहिलीला लॅटिन? कुठल्या शाळेत घातलंय रे पोराला?"

"पोराला न्हाय. मलाच शिकायचंय. घरी. माझं मीच."

"शिक्षण कितवी?"

"सातवी." आणि मग, हा माणूस खरं बोलल्यावरच नीट पुस्तक देईल असं वाटून, "सातवी नापास."

वीरभद्रप्पा हसला नाही. "म्हणजे तू डोंगर उलट्या बाजूनं चढणार," एवढंच म्हणाला आणि उठून मागच्या थप्प्या उपसू लागला. बराच वेळ खोकून, धूळ झटकून त्यानं तीन पुस्तकं सिद्धूच्या समोर मांडली.

पहिलं विटेएवढं जाड होतं. सिद्धूनं ते मधेच उघडलं. पानभर नुसते तक्ते, रेल्वेच्या वेळापत्रकासारखे. एकेका शब्दाची डझनभर रूपं.

"हे आमच्या वेळचे प्रोफेसर घ्यायचे," वीरभद्रप्पा म्हणाला. "यातनं भाषा कळते, पण बोलता येत नाही. मेलेलं जनावर फाडून बघावं तसं."

"मेलेलं नको."

"मग हे घे. माझं ऐकशील तर हेच घे. एकट्यानं शिकणाऱ्यासाठी आहे. प्रत्येक धड्याचा अर्थ दिलाय, मागं उत्तरं दिलीत. चुकलास तर मागं बघून सुधारायचं. मास्तर लागत नाही."

सिद्धूनं दुसरं पुस्तक चाळलं. चांगलं होतं. पण अर्थ सगळा इंग्रजीत. एक भाषा कळायला आधी दुसरी शिकायची, म्हणजे अक्का आणि आपल्यामधे अजून एक भिंत. त्याला तेवढा धीर नव्हता.

तिसरं पुस्तक वहीसारखं पातळ होतं. त्यात इंग्रजीचा एक शब्द नव्हता. नुसती चित्रं. मुलगी, मुलगा, घर, दार, बकरी. चित्राखाली लॅटिनमधे एक प्रश्न आणि त्याच्याखाली लॅटिनमधेच उत्तर. दार कुठे आहे, दार इथे आहे. असं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

"ते नको," वीरभद्रप्पा म्हणाला. "ते वर्गात वापरायचं. मास्तरनं प्रश्न विचारायचा, पोरांनी उत्तर द्यायचं. एकट्याला काय उपयोग? प्रश्न कोण विचारणार तुला?"

सिद्धूनं पानावर बोट ठेवलं. तिथं एक मुलगा आणि एक मुलगी हात धरून उभे होते. "ह्ये काय लिवलंय, काका?"

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "सोरोर. म्हणजे बहीण. आणि हा फ्रातेर. भाऊ."

"फ्रातेर." सिद्धूचे डोळे चमकले. "भ्राता. टीव्हीवर म्हणतात की, भ्राताश्री."

"अरे वा," वीरभद्रप्पा पहिल्यांदा हसला. "सातवी नापास म्हणालास ना?"

म्हाताऱ्यानं त्याला स्टुलाशेजारी बसवून घेतलं, अक्षरांचे उच्चार सांगितले, पहिली दोन पानं म्हणून घेतली. उठताना मात्र पुन्हा दुसरंच पुस्तक पुढं सरकवलं. सिद्धूनं ते हळूच बाजूला केलं आणि पातळ पुस्तक छातीशी धरून निघाला. अक्का उत्तरं देत होती. मग उत्तरांचंच पुस्तक हवं. इतकी साधी गोष्ट त्या म्हाताऱ्याला कळू नये याचं त्याला नवल वाटलं.

३

पुढचे दिवस सिद्धूला नशा चढल्यासारखे गेले. सकाळी नरसम्माच्या नळावर तोंड धुतलं की तो कॉटवर मांडी घालून बसायचा आणि मोठ्यानं म्हणू लागायचा. नरसम्मा म्हणजे घरमालकीण. ती आणि तिचा नवरा मिळून शेडमधे टॉवेल विणायचे. खोलीचं एकुलतं एक दार त्या शेडमधेच उघडायचं, त्यामुळं कापसाचे बारीक तंतू दिवसभर आत तरंगत यायचे आणि उन्हाच्या पट्ट्यात चमकायचे.

"काय बाबू, मंत्र म्हणतोस काय?" नरसम्मा दारातनं विचारायची.

"शिकायलोय की, मावशी. परदेशी भाषा हाय."

"शिक, शिक. ताई पण लई शिकायची." मग ती कधी थोडा पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, कधी जवारीची भाकरी ठेवून जायची.

सिद्धूला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. शाळेत जे डोकं दगडासारखं होतं, त्यात आता सगळं शिरत होतं. उबी म्हणजे कुठे. हिक म्हणजे इथे. सुम, मी आहे. नोन, नाही. मुलीच्या चित्राखाली प्रश्न असायचा, 'उबी एस?' म्हणजे कुठे आहेस तू. आणि उत्तर, 'हिक सुम.' इथे आहे मी. तो प्रश्न एका आवाजात विचारायचा, उत्तर दुसऱ्या आवाजात द्यायचा, आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

एकदा प्रश्न विचारून पुढचं पान उलटताना त्याच्या ध्यानात आलं, की माग थांबलेत.

सगळे एकदम. लाईट गेले असतील, असं म्हणत त्यानं वर बघितलं. पंखा फिरत होता. त्यानं घाईघाईत उत्तर म्हटलं, 'हिक सुम,' आणि माग पुन्हा खडखडू लागले.

तो उठून दारात गेला. "मावशी, माग का थांबवलता?"

"कुठं थांबवला?" नरसम्मा सूत जोडता जोडता म्हणाली. "सकाळपासून चालूच आहे. थांबला तर माझं पोट थांबेल."

सिद्धू हसला. सवयीचा आवाज कधी कधी कानाला ऐकू येईनासा होतो. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा नाही का चालता चालता ऐकू येईनाशा होतात. त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं.

४

दुपारी त्यानं फोन कानाला लावला. एवढे दिवस मुद्दाम दम धरला होता. थोडी भाषा येऊ दे, मग ऐकू, असं ठरवलं होतं. आता राहवेना.

रेकॉर्डिंग लहानसंच होतं. ते त्याला तोंडपाठ होतं, कन्नड न येणाऱ्या माणसाला कन्नड गाणं पाठ असावं तसं. आधी खाटेचा करकर आवाज, मग अक्काचा खोल गेलेला स्वर.

'हिक सुम.'

सिद्धूच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो आनंदाचा. कळलं. त्याला कळलं. इथे आहे मी, असं अक्का म्हणत होती. बरळत नव्हती. त्यानं खोलीतच चार उड्या मारल्या आणि त्याच झटक्यात अव्वाला फोन लावला.

"अव्वा, मला कळाया लागलंय. अक्का काय म्हनत हुती ते. ती म्हनत हुती, हितं हाय मी."

पलीकडं एक कोकरू ओरडत होतं.

"ऐकलंस का? हितं हाय मी, असं."

"कुनी हाक मारली तिला?" अव्वानं विचारलं.

"आं?"

"हितं हाय मी, असं माणूस उगंच म्हनतं का रं? कुनीतरी हाक मारल्याबगार?"

सिद्धूनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला शिकवलंय न्हवं," अव्वा हळू आवाजात म्हणाली. "रानात मेंढरं बसवली, न् अंधारातनं नाव घिऊन कुनी बोलवलं, तर काय करायचं?"

हे धनगराच्या पोराला चालायच्या आधी शिकवतात. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावतं. जे माणूस नाही, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. म्हणून ओ द्यायची ती तिसऱ्या हाकेला.

"तिला शाळंनं इसरायला लावलं सगळं," अव्वा म्हणाली. "तू सामान घे न् ये. म्हागारी ये तू."

"अव्वा, दवाखाना हुता त्यो. रान न्हवतं."

"ये म्हनते न्हवं."

"दोन दिसांत येतो की. थोडंच राह्यलंय," सिद्धू म्हणाला. खरं तर त्याला भांडावंसं वाटत होतं. आपण एवढं मोठं काम केलं, आणि हिला जुन्या गोष्टी आठवतात.

५

पुढचं वाक्य समजायला त्याला फार वेळ लागला नाही. उलट ते इतकं सोपं निघालं की तो पुस्तक मिटून नुसता बसून राहिला.

'फ्रातेर नोन एस्त.'

भाऊ नाही.

त्यानं पुन्हा ऐकलं. मधे एक मोकळी जागा, आणि मग अक्का तेच बोलली. भाऊ नाही. या खेपेला जरा हसून, लहानपणी अव्वाला फसवताना बोलायची तसं. सिद्धूनं गूळ खाल्लेला असायचा आणि अक्का तोंडावरची माशी न हलवता सांगायची, त्यो घरातच न्हवता.

सिद्धू खाटेजवळच होता तेव्हा. पंधरा पावलंसुद्धा लांब गेला नव्हता. तिच्या कपाळावरची पट्टी तोच भिजवत होता. आणि ती कुणाला तरी सांगत होती की मला भाऊ नाही. का? सातवी नापास म्हणून? दवाखान्यात सगळ्या शिकलेल्या पोरी भेटायला यायच्या, आणि हा शर्टाला मेंढरांचा वास घेऊन उभा. लाज वाटली तिला? रडू येत होतं, राग येत होता, आणि त्यातच आणखी कळून घ्यायची भूक अशी लागली होती की बस्स.

प्रश्न काय होता, ते कळलं पाहिजे. उत्तरं असून काय उपयोग?

त्यानं बहीणभावाचं पान उघडलं. मुलीच्या चित्राखालचा प्रश्न बोटानं वाचला, ओठ हलवत पाठ केला. 'उबी एस्त फ्रातेर?' भाऊ कुठे आहे? मग फोन पुन्हा सुरू केला.

'हिक सुम,' अक्का म्हणाली.

आणि मोकळ्या जागेत तो प्रश्न होता.

आवाज म्हणावा तर आवाज नव्हता. कुणाच्या गळ्यातनं आलेला नव्हता. माग बंद झाल्यावर कानांत जी शांतता दाटते, तिलाच जणू शब्दांचा घाट आला होता. उबी एस्त फ्रातेर.

'फ्रातेर नोन एस्त,' अक्का म्हणाली.

सिद्धूनं फोन कॉटवर ठेवला. हात पुसले. पाठ केलेली गोष्ट मनात घोळत असते, तीच कानाला ऐकू येते. जत्रेतनं आलं की रात्रभर ढोल वाजतच राहतात की नाही? त्यानं मोठ्यानं तसं म्हणूनही पाहिलं, "मनाचं हाय." मग जाणवलं, की आपलं बोलणं खोलीत फार मोठं ऐकू आलं. माग थांबले होते.

दाराबाहेर नरसम्मा दिसत होती. तिचा हात सुतावर होता, खांदे लयीत हलत होते, यंत्र वरखाली होत होतं. आणि आवाज येत नव्हता.

६

पळून जावं, असं त्याला का वाटलं नाही, कोण जाणे. वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण सिद्धूच्या मनात भीतीला जागाच नव्हती. तिथं अक्का होती. तिचं बोलणं असं दाराच्या फटीतनं ऐकू यावं, आणि एवढ्यात फट बुजू द्यावी?

त्यानं दुसऱ्यांदा लावलं. पुन्हा प्रश्न आला, पहिल्यापेक्षा स्पष्ट. पुन्हा अक्काचं उत्तर, भाऊ नाही.

"हाय की गं," सिद्धू म्हणाला. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. "हाय न्हवं मी. हितंच तर हाय."

त्यानं तिसऱ्यांदा लावलं.

ते करताना त्यानं विचार केला होता. अगदी नीट विचार केला होता, हे महत्त्वाचं. पहिल्यांदा प्रश्न आला, आपण ओ दिली नाही. दुसऱ्यांदा आला, नाही दिली. तिसऱ्यांदा आला, म्हणजे विचारणारं माणूसच आहे. डॉक्टर असेल, नर्स असेल, देवमाणूस असेल कुणी. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही. ती हाक आपल्याच बोटानं तिसऱ्यांदा वाजवली, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

उबी एस्त फ्रातेर?

"हिक सुम," सिद्धू म्हणाला. आणि अक्काला ऐकू जावं म्हणून, तिला आपला अभिमान वाटावा म्हणून, पुस्तकात कुठंही एका जागी नसलेलं वाक्य त्यानं आपल्या मनानं जुळवलं. "फ्रातेर सुम."

भाऊ आहे मी.

फोनमधे अक्काचं उत्तर यायची वेळ आली. ते आलं नाही. त्या जागी तिचा श्वास ऐकू आला, कुणी झटकन तोंडावर हात ठेवावा तसा आत ओढलेला. मग खाट करकरली. हे रेकॉर्डिंग त्याला तोंडपाठ होतं, आणि त्यात या ठिकाणी खाट करकरत नव्हती.

"नोन," अक्का म्हणाली. "नोन. नोन. नोन."

नाही, नाही, नाही. हसून नव्हे. मेंढरू लांडग्याच्या तोंडात जाताना आण्णा रानातनं ओरडायचे, तसं.

सिद्धूला तेव्हा कळलं. एकदम सगळं कळलं, चित्राखालचं वाक्य कळावं तसं. तिला त्याची लाज वाटत नव्हती. ती त्याला लपवत होती. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून काहीतरी भावाचा ठावठिकाणा विचारत होतं, आणि ती, तापानं फणफणलेली, दर वेळी खोटं सांगत होती. पहिल्या हाकेला तिनं ओ दिली होती खरी. पण पुढचं एकही उत्तर तिनं खरं दिलं नव्हतं. आणि ती गेल्यावर त्यानं ज्या ज्या वेळी फोन लावला, त्या त्या वेळी तिला पुन्हा तिथं उभं राहावं लागलं होतं. पुन्हा तेच खोटं, त्याच तोंडाला तोंड देऊन.

आता ते खोटं उघडं पडलं होतं. त्यानं पाडलं होतं.

७

रेकॉर्डिंग संपलं. फोनचा पडदा काळा झाला. माग अजून मुके होते, नरसम्माचे खांदे हलत होते, आणि दुपारचं ऊन दारातनं फरशीवर लांब पट्टा टाकून पडलं होतं. त्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत होते.

एका जागी ते तरंगत नव्हते. टेकत होते.

दाराच्या चौकटीच्या आत, जमिनीपासून बरंच वर, तंतू एकावर एक बसत होते, खांद्यावर बसावेत तसे. आधी एक उतार दिसू लागला. मग त्याच्यापुढं, खाली झुकलेलं, दुसरं काहीतरी. दारापेक्षा उंच माणूस आत येताना मान वाकवतं, तसं. तंतू सगळीकडं बसले नव्हते. चेहरा असायला हवा तिथं अजून एकही नव्हता. पण ते झुकलेलं जे काही होतं, ते सिद्धूकडं बघत नव्हतं. त्याचा रोख कॉटवरच्या फोनकडं होता.

आणि खोलीतल्या शांततेला घाट येऊ लागला. फोन बंद होता.

उबी एस्त सोरोर?

बहीण कुठे आहे?

सिद्धूची छाती अशी धडधडत होती की तिच्यापुढं सगळे माग फिके पडले असते. तरी त्या धडधडीत भीतीपेक्षा दुसरंच काही जास्त होतं. त्याला प्रश्न कळला होता. कुणी समजावून न सांगता, चित्र न बघता कळला होता. आणि प्रश्न कळला म्हणजे अर्थही कळला. ते तिला शोधत होतं. म्हणजे ती त्याच्या हाती लागली नव्हती. खोटं बोलून, कुठंतरी वळचणीला, अजून लपून होती. आणि तिच्यापर्यंत जायची वाट ही एवढीच होती, या फोनमधली, तिच्या आवाजाची.

त्यानं तिकडं न बघता फोन उचलला. तिचा एकही व्हिडिओ नव्हता. तिचा आवाज म्हणून जगात एवढंच उरलं होतं. अव्वानं ते अजून एकदाही ऐकलं नव्हतं. फोननं विचारलं, कायमचं पुसायचं का. सिद्धूनं हो म्हटलं. मग कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथनंही पुसलं.

तंतूंचा तो उतार कॉटच्या पायथ्याशी आला होता.

उबी एस्त सोरोर?

दुसरी हाक. तिसरीची वाट बघायची नव्हती. सिद्धू उठून उभा राहिला, शाळेत कधी राहिला नव्हता तसा, हात बाजूला, मान ताठ. त्यानं चेहरा असायला हवा त्या मोकळ्या जागेकडं सरळ बघितलं, तोंडावरची माशी न हलवता, आणि वीरभद्रप्पानं शिकवलेल्या स्वच्छ उच्चारात, न अडखळता उत्तर दिलं.

"सोरोर नोन एस्त."

बहीण नाही. मला बहीण नाहीच.